पाणी उतरायच्या आत : आर्ब्वा गाव आणि १८७८ चा ऑगस्ट

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझा एक अख्खा हंगाम वाया गेला. द्राक्षाच्या सालीवर कुठली रानटी यीस्ट असतात ते पाहायचं, एवढंच काम होतं. निफाड तालुक्यातल्या एका बागेत डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नमुने घ्यायला गेले. बर्फाचा डबा, निर्जंतुक पिशव्या, हातमोजे, सगळा सरंजाम बरोबर. बागवाले काका बांधावर उभे राहून बघत होते. म्हणाले, "मॅडम, आत्ताच कशाला आलात? मण्यात पाणी उतरलं नाही अजून." मी हसून मान डोलावली आणि चाळीस घड घेऊन लॅबवर परत आले. प्लेटवर जवळजवळ काहीच उगवलं नाही. मग दोन-अडीच महिने मी साल धुण्याच्या पद्धतीत, माध्यमात, तापमानात चूक शोधत बसले. तोवर खुडा उरकला, बाग रिकामी झाली. फेलोशिपचं घड्याळ मात्र चालूच होतं.

'पाणी उतरणं' म्हणजे काय हे नाशिककडच्या वाचकांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. कडक, हिरवा, आंबटढाण मणी एका टप्प्यावर मऊ पडू लागतो, रंग बदलतो, आंबटपणा उतरतो आणि साखर चढते. साल सैल होते, कुठेकुठे तडकते. सालीवरच्या सूक्ष्मजीवांना खरं निमंत्रण तेव्हा मिळतं. काकांना यीस्ट दिसत नव्हती, पण तारीख ठाऊक होती.

नंतर वाचताना कळलं की याच तारखेवर एका माणसानं विज्ञानातला एक मोठा वाद लढवला होता. लुई पाश्चर. जागा त्याचं लहानपणीचं गाव, पूर्व फ्रान्समधल्या जुरा प्रांतातलं आर्ब्वा. गेल्या वर्षी बझांसोंला एका छोट्या प्रशिक्षणासाठी जायचं झालं. तिथून आर्ब्वा रेल्वेनं तासाभराच्या आतच. सप्टेंबरचा पहिला रविवार साधून मी गेले. त्या दिवशी तिथे 'बिऊ' असतो.

स्टेशन गावाबाहेर आहे. वीसेक मिनिटं द्राक्षबागांच्या कडेनं चालत गेलं की क्विझान्स नदी लागते आणि तिच्या काठानं पिवळसर दगडाची घरं. लोकवस्ती तीन-साडेतीन हजार. आपल्याकडच्या बाजाराच्या गावाएवढीही नाही. पण फ्रान्समध्ये वाइनच्या नावाला भौगोलिक संरक्षण देणारा कायदा झाला तेव्हा १५ मे १९३६ रोजी ज्या पहिल्या काही नावांना ते मिळालं, त्यांत आर्ब्वा होतं. गावाला मानही आहे आणि थोडा ताठाही आहे. १८३४ च्या एप्रिलमध्ये इथल्या लोकांनी चक्क प्रजासत्ताक जाहीर केलं होतं. 'तुमचे पुढारी कोण?' असं विचारल्यावर 'आम्ही सगळेच पुढारी' असं उत्तर दिल्याची गोष्ट गाव आजही सांगतं. पाश्चर तेव्हा अकरा वर्षांचा होता.

बिऊ म्हणजे एक प्रचंड घड. वेलीवर असा घड येत नाही, तो बांधावा लागतो. गावातले बागायतदार आपापल्या बागेतले पहिले पिकलेले घड आणतात आणि ते सांगाड्यावर एकमेकांशेजारी असे बांधतात की दुरून एकच अवाढव्य घड दिसावा. काळी द्राक्षं, पांढरी द्राक्षं, सगळं मिळून शंभर किलोच्या आसपास वजन. चौघेजण तो खांद्यावर घेतात, पुढे व्हायोलिन वाजवणारे, मागे गावातली मानाची माणसं आणि मग सगळा गाव. मिरवणूक सँ-ज्युस्त चर्चमध्ये जाते, घडाला आशीर्वाद दिला जातो आणि तो तिथेच टांगला जातो. बायबलच्या जुन्या करारात दोघांनी काठीवरून वाहून आणलेल्या घडाची गोष्ट आहे, तिच्याशी या प्रथेचा संबंध जोडतात. सँ-ज्युस्त हा गावाचा रक्षक संत. बिऊ शेजारच्या प्युपियँसारख्या खेड्यांतही निघतो.

मिरवणूक शेजारून गेली तेव्हा मी अगदी कडेला उभी होते. व्हायोलिन छानच होती, पण माझं लक्ष घडावर. बरेच मणी तडकलेले, रस ओघळलेला आणि भोवती गांधीलमाश्या घोंघावत होत्या. त्यांच्याकडे पुढे परत येते.

आता इतिहास.

पाश्चरचा जन्म १८२२ चा, दोल गावातला. १८२७ च्या सुमारास कुटुंब आर्ब्वाला आलं. वडील नेपोलियनच्या सैन्यातून निवृत्त झालेले, धंदा चामडं कमावण्याचा. म्हणूनच घर नदीला लागून, कारण त्या धंद्याला पाणी लागतं. आज त्या घराचं संग्रहालय झालंय. पहिल्या मजल्यावर त्याची प्रयोगशाळा आहे आणि शेजारी सूक्ष्मजीव वाढवायची उबदार खोली. सुट्टीच्या घरी माणसं आरामखुर्ची ठेवतात. यानं इनक्युबेटर ठेवला.

१८६३ मध्ये सम्राट नेपोलियन तिसरा यानं त्याला वाइनच्या रोगांचा अभ्यास करायला सांगितलं. फ्रेंच वाइन परदेशी जाईपर्यंत आंबट, कडू, तारेसारखी चिकट होत होती आणि व्यापाराचं नुकसान होत होतं. पाश्चर कुठे गेला? आर्ब्वाला. १८६४ मध्ये गावातल्या एका जुन्या कॅफेच्या खोलीत त्यानं आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी लॅब थाटली. उपकरणं पॅरिसहून आली नाहीत, ती गावच्या सुतारानं, लोहारानं आणि पत्र्याचं काम करणाऱ्यानं करून दिली. आणि तळघरं? ती बालमित्रांची. कुठल्या पिंपात कुठल्या सालची वाइन आहे आणि ती कधी बिघडली, हे शाळासोबत्याला जेवढं मोकळेपणानं सांगतील तेवढं सरकारी तज्ज्ञाला कोण सांगणार? नमुने गोळा करायला फिरलेल्या कुणालाही हे पटेल.

त्यातून निघालं ते सगळ्यांना माहीत आहे. वाइन साधारण ५५–६० अंशांपर्यंत तापवली की रोगकारक जंतू मरतात आणि चव फारशी बिघडत नाही. १८६५ चं पेटंट, १८६६ चं पुस्तक आणि पुढे दुधाच्या पिशवीवर आलेलं त्याचं नाव. गंमत अशी की जुरातली सगळ्यात नावाजलेली वाइन या तर्काच्या उलट चालते. पिवळी वाइन, तिकडे 'व्हँ झोन' म्हणतात. साव्हानियँ जातीच्या द्राक्षांची ही वाइन किमान सहा वर्षं तीन महिने पिंपात ठेवतात आणि आटलेली जागा भरून काढत नाहीत. सगळीकडे पिंप काठोकाठ ठेवायचा नियम, कारण हवा शिरली की व्हिनेगर होतं. इथे मात्र वर यीस्टची एक साय धरते आणि तीच राखण करते. लिटरभरातून शेवटी उरतं ते ६२ सेंटिलिटर असा हिशोब आहे, म्हणून तिची खास बाटलीही तेवढ्याच मापाची.

पण मला सांगायचंय ते १८७८ चं.

क्लोद बर्नार हा त्या काळातला फ्रान्समधला सर्वांत मोठा शरीरक्रियाशास्त्रज्ञ. प्रयोगात कंट्रोल का हवा, स्वतःच्या आवडत्या कल्पनेवर संशय का घ्यावा, हे त्यानं १८६५ च्या पुस्तकात जितकं स्वच्छ मांडलंय तितकं आपल्या रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरात सापडत नाही. पाश्चरचा तो स्नेही. बर्नार आजारी असताना पाश्चरनं त्याच्या कामाचा गौरव करणारा लेख लिहिला होता. बर्नारही द्राक्षमळ्यातलाच. बोजोले भागातल्या सँ-झ्युलियँ गावच्या द्राक्ष-बागायतदाराचा मुलगा.

१८७७ च्या ऑक्टोबरात बर्नार गावी होता आणि द्राक्षांवर काही प्रयोग करत होता. त्याला वाटत होतं की अल्कोहोल होण्यासाठी जिवंत यीस्ट लागतेच असं नाही. फळाच्या रसातच असं काही विरघळलेलं द्रव्य असावं जे यीस्टशिवाय साखर मोडतं. फेब्रुवारी १८७८ मध्ये तो वारला. मागे राहिलेल्या कागदांत शिष्यांना या प्रयोगांची टिपणं सापडली. अर्धवट, स्वतःसाठी लिहिलेली. रसायनशास्त्रज्ञ बर्तलोनं ती त्याच जुलैत छापून आणली. पाश्चरची 'जीव नाही तर किण्वन नाही' ही सगळी मांडणी एका मृत मित्राच्या टिपणांनी उलटी करू पाहिली होती. उत्तर द्यावं तर मेलेल्या माणसाशी भांडल्यासारखं. न द्यावं तर वीस वर्षांचं काम संशयात.

पाश्चरनं लेख लिहायच्या आधी काचघरं मागवली.

१८७४ मध्ये त्यानं आर्ब्वाजवळ रोझिएर इथे एक छोटी द्राक्षबाग घेतली होती. आधीच्या निरीक्षणांवरून त्याला माहीत होतं की हिरव्या, कच्च्या मण्यांवर किण्वन करणारी यीस्ट जवळजवळ नसते, ती पिकण्याच्या सुमारास येते. म्हणजे मणी पिकायच्या आत वेल झाकला, तर यीस्टशिवाय पिकलेली द्राक्षं मिळतील. बर्नारचं द्रव्य रसात असेल, तर या द्राक्षांचा रसही फसफसायला हवा. टिपणं छापून आली जुलैच्या उत्तरार्धात. ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात काचघरं आर्ब्वाला पोहोचून वेलींवर उभी राहिली होती. एवढंच नाही, आतल्या काही घडांना त्यानं दीडशे अंशांवर तापवलेला कापूस गुंडाळला.

घाई का, ते आता कळलं असेल. तीन आठवडे उशीर झाला असता तर पाणी उतरलं असतं आणि हा वाद पुढच्या वर्षावर गेला असता. पॅरिसच्या लॅबमध्ये वाढलेल्या माणसाला ही मुदत सुचली असती का? मला शंका आहे. ४ ऑगस्ट ते सप्टेंबरचा पहिला रविवार, अंतर चार आठवड्यांचं. पहिला पिकलेला घड चर्चला वाहायचा दिवस ज्या गावात सण म्हणून पाळला जातो, तिथे लहानाचा मोठा झालेल्या माणसाला 'अजून पिकलं नाही' आणि 'पिकलं' यांच्यामधली रेघ पुस्तकात शोधावी लागत नाही. हा माझा अंदाज आहे, पुरावा नाही. पण बिऊ बघितल्यावर तो अंदाज मला सोडवत नाही.

ऑक्टोबरच्या दहा तारखेला त्यानं घड तपासले. बाहेरची, उघडी वाढलेली द्राक्षं कुस्करून ऊबेत ठेवली की दीड-दोन दिवसांत फसफसू लागत. कापसातली मात्र कुस्करूनही तशीच राहिली. मग त्यानं आणखी एक पायरी केली. माझ्या मते पूर्ण प्रयोगातली सर्वांत देखणी. झाकून पिकवलेले काही घड काचघराबाहेर काढून उघड्या वेलींवर टांगले. काही दिवसांनी ते कुस्करले, तर ते फसफसले. म्हणजे काचघरामुळे द्राक्षातच काही बिघडलं असेल हा आक्षेप गेला. सेमिनारमध्ये कुणी हात वर करायच्या आत त्यानं त्या प्रश्नाचं उत्तर बागेत टांगून ठेवलं होतं. उरलेले घड अकादमीला दाखवायला पॅरिसला न्यायचे होते. त्याच्या जावयानं लिहिलेल्या चरित्रात आहे की प्रवासात ते आडवे होऊन कापूस ढळू नये म्हणून घरच्या बायकांनी ते उभे धरून नेले. या सहसंशोधकांची नावं शोधनिबंधावर नव्हती, हे आपलं जाता जाता.

१८७९ मध्ये पाश्चरनं बर्नारच्या टिपणांची चिकित्सा करणारं पुस्तक काढलं. वाद मिटला, पाश्चर जिंकला. पाठ्यपुस्तकात ही गोष्ट आली तर इथे संपते. खरी गोष्ट इथून पुढे गुंतते.

१८९७ मध्ये एडुआर्ड ब्युख्नरनं यीस्ट वाळूबरोबर घोटली, दाबून रस काढला आणि त्यात साखर घातली. एकही जिवंत पेशी नसताना किण्वन झालं. ते करणारी द्रव्यं, एन्झाइमं, पेशीबाहेर काढता येत होती. १९०७ चं नोबेल त्याला मिळालं. म्हणजे विरघळलेल्या द्रव्यावर बर्नारचा जो भरवसा होता तो अगदीच चुकीचा नव्हता. ते द्रव्य द्राक्षाच्या रसात नव्हतं, यीस्टच्या पोटात होतं. बर्नारचा प्रयोग कच्चा आणि कल्पना अर्धी बरोबर. पाश्चरचा प्रयोग निर्दोष आणि त्यावर उभं केलेलं 'जीवाशिवाय किण्वन नाहीच' हे मोठं विधान चूक. दोघंही हे बघायला नव्हते. पाश्चर १८९५ मध्येच गेला होता.

गाईडला हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या डिस्कशन चॅप्टरला हे लागू पडतं का बघ." लागू पडत होतं. माझ्या रिकाम्या प्लेटांवरून 'इथल्या द्राक्षांवर यीस्ट कमी असते' असा एक परिच्छेद मी लिहूनही ठेवला होता. माझ्या प्लेटांनी फक्त एवढं सांगितलं होतं की त्या आठवड्यात, त्या बागेत, कच्च्या मण्यांवर यीस्ट मिळाली नाही.

आणि आता गांधीलमाश्या. पाश्चरनं दाखवलं की यीस्ट बाहेरून येते. कुठून, कशी, हे मोकळंच राहिलं. हवेतून, धुळीतून असं सगळे धरून चालले. १९९९ मध्ये मॉर्टिमर आणि पोल्सिनेल्ली यांनी एकेक मणी तपासला, तर वाइनची नेहमीची यीस्ट, सॅक्करोमायसीस सेरेव्हिसी, धड मण्यांपैकी साधारण हजारात एकावर मिळाली. तडकलेल्या मण्यांत मात्र चारात एकावर. मग २०१२ मध्ये इटलीतल्या गटानं दाखवलं की गांधीलमाश्यांच्या आतड्यात ही यीस्ट हिवाळाभर टिकते आणि अळ्यांपर्यंतही पोहोचते. हे वाचल्यावर काचघराकडे परत बघा. त्यानं हवा अडवली असं आपण समजतो. अडल्या गेल्या कदाचित माश्या. निष्कर्ष तोच, पण 'काय वगळलं' याचं उत्तर १३० वर्षांनी बदललं. म्हणूनच मिरवणुकीत मला व्हायोलिनपेक्षा तो घोंघाट जास्त ऐकू आला.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली. मित्राची खासगी टिपणं ओळ-ओळ तपासणाऱ्या पाश्चरनं स्वतःच्या वह्या कुणाला दाखवू नका असं घरच्यांना बजावलं होतं. नातवानं त्या १९६४ मध्ये पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला दिल्या. त्या वाचून इतिहासकार जेराल्ड गायसननं १९९५ मध्ये पुस्तक लिहिलं आणि जाहीर दावे व वहीतल्या नोंदी यांत कुठे फरक आहे ते मांडलं. मोठा गदारोळ झाला. माझी लॅब-वही या दोघांपैकी कुणाच्याही हाती पडू नये असंच वाटतं.

जुरातल्या बागांचं पुढे काय झालं तेही सांगते, कारण तिथून एक धागा सरळ आपल्या बांधावर येतो. पाश्चरच्या प्रयोगाच्या सुमारासच फिलोक्झेरा हा मुळं खाणारा किडा जुरात पोहोचला. त्याआधी प्रांतात सुमारे वीस हजार हेक्टर बागा होत्या, आज दोनेक हजार आहेत. वाचल्या त्या अमेरिकी खुंटावर कलम करून. नाशिक-सांगलीकडे डॉगरिज खुंटावर बाग उभी करतात, कारण वेगळं असलं, पाणी आणि क्षार यांचं, तरी तो खुंटही अमेरिकेतलाच. आणि डावणी, म्हणजे केवडा, आला की फवारतात ते बोर्डो मिश्रण १८८५ मध्ये शास्त्रीय चाचणीनं मांडणारा आलेक्सी मिलार्दे जुराचाच, दोलजवळच्या एका खेड्यातला. बोर्डोकडे रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांनी हात लावू नये म्हणून मोरचूद आणि चुना शिंपडत. त्याच वेली रोगातून वाचलेल्या मिलार्देला दिसल्या. मोरचुदाचा निळा डाग पडलेला काकांचा सदरा मला तेव्हा आठवला.

संध्याकाळी रोझिएरच्या बाजूला जाऊन आले. बाग अजून आहे, पाटी आहे, बाकी बघण्यासारखं फार नाही. मणी पूर्ण गोड झाले होते. अलीकडच्या उष्ण वर्षांत इथली काढणी ऑगस्टच्या अखेरीसच सुरू होते. म्हणजे १८७८ ची तारीख आज जशीच्या तशी घेऊन कुणी काचघर लावलं, तर उशीर झालेला असू शकेल.

परत आल्यावर काकांना फोन केला. यंदा छाटणी पावसामुळे बारा दिवस लांबलीय म्हणाले. मी वहीत तारखेची जागा रिकामी ठेवलीय. पाणी उतरायला लागलं की ते मिस्ड कॉल देणार आहेत.